केस सांग, नडीन

"केस सांग," होल्मग्रेन डॉक्टर म्हणाले.

नडीन गोंधळली. कारण ही केस तिनं त्यांना नुकतीच सांगितली होती. याच बोळात, याच भिंतीशी उभं राहून. शाळेतल्या बाई, तीन आठवड्यांचा खोकला, ताप नाही, छाती स्वच्छ, रक्तदाबाची नवी गोळी सुरू केल्यापासूनच खोकला लागलेला. डॉक्टरांनी मान डोलावली होती, "शाबास, गोळीच बदलायची," असं म्हणून कॉफीचा कप घ्यायला गेले होते. आणि आता कप हातात घेऊन परत आले होते आणि तिच्याकडे त्याच उत्सुकतेनं पाहत होते. पहिल्यांदाच विचारत असल्यासारखे.

ते थट्टा करताहेत का, हे तिनं त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. थट्टा नव्हती.

"शाळेतल्या बाई," तिनं पुन्हा सुरुवात केली. "तीन आठवड्यांचा खोकला..."

"वेंडेल, त्यांची गोळी बदलायचं ठरलं ना?" समोरच्या टेबलावरून मार्लिसबाईंचा आवाज आला, सहज बोलावं तसा. "त्या बाहेर थांबल्यात. शाळेत परत जायचंय त्यांना."

"हो, हो. गोळी बदलायची," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खोलीकडे वळले. दाराशी ते क्षणभर थबकले. तोच मागून पुन्हा आवाज आला, "आत शेजारच्या ग्लेनचा धाकटा भाऊ आहे हं. कुंपणाच्या तारेनं हात कापला होता, टाके काढायचेत." डॉक्टर आत गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "काय रे, तार जिंकली की तू?"

नडीन जागच्या जागी उभी राहिली. इथे प्रशिक्षणाला आल्यापासून दोन आठवडे तिला वाटत होतं, मार्लिसबाईंना प्रत्येक गोष्टीत तोंड घालायची सवयच आहे. नवऱ्याचा दवाखाना चाळीस वर्षं सांभाळलेल्या बाईला असते तशी. आज पहिल्यांदाच तिच्या ध्यानात आलं की बाई तोंड घालत नव्हत्या. त्या नवऱ्याला हात धरून चालवत होत्या, हात न लावता.

ती औषधांच्या खोलीत पट्ट्यांची खोकी लावायला गेली, तेव्हा मार्लिसबाई तिच्या मागोमाग आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"कळलं ना तुला?" त्यांनी विचारलं.

नडीननं हातातलं खोकं फळीवर ठेवलं.

"तोंड बघितलं मी तुझं. कधीतरी कळणारच होतं, तू काही बावळट नाहीस." त्यांनी एक खोकं उचललं, उगीच फिरवून पाहिलं. "नाताळच्या आधीपासून आहे. कधी असतं, कधी नसतं. माणूस तपासताना एकदम पहिल्यासारखे असतात गं. हात ठेवला की सगळं आठवतं. मधल्या वेळातच निसटतं."

"त्यांना ठाऊक आहे?"

"थोडं. विचारलं की चिडतात." बाईंनी खोकं खाली ठेवलं. "हे बघ नडीन. उन्हाळ्यात तुझी परीक्षा झाली की तू इथेच लागणार आहेस. मग आपण दोघी असू. तू आत, मी बाहेर. आपल्या दोघींच्या मध्ये ते आणखी दोन-तीन वर्षं सहज काढतील. त्यांचंही चालेल, गावाचंही चालेल. तुझंही."

शेवटचा शब्द त्यांनी हळूच उच्चारला. पण उच्चारला.

नडीनला त्यात धमकी ऐकू आली नाही. जे होतं तेच त्यांनी सांगितलं होतं, आणि म्हणूनच ते जड गेलं. फिजिशियन असिस्टंट म्हणजे काय, हे गावात कुणालाच नीट माहीत नव्हतं. तिचा नवरा ड्वेन ज्या धान्यकोठारावर कामाला होता तिथली माणसं त्याला विचारायची, "बायको अर्धी डॉक्टर झाली म्हणे? मग अर्धंच दुखणं घेऊन यायचं का?" ती हसून घ्यायची. रोगी आपण तपासायचा, निदान आपण करायचं, औषध आपण लिहून द्यायचं. पण डोक्यावर एका डॉक्टरचं नाव हवं. ते नाव उठलं की आपला हात कितीही तयार असो, रिकामा. आणि या सगळ्या टापूत नाव होतं एकच. त्यानंतरचा दवाखाना थेट स्कॉट्सब्लफ शहरात, बर्फ नसेल तर दीड तासावर.

शिवाय तिला या वाटेला लावलं होतं तेही याच माणसानं.

ती तेव्हा गावच्या अॅम्ब्युलन्सवर होती. वर्षानुवर्षं. उलटलेल्या ट्रॅक्टरखालून माणसं काढ, बाळंतिणी उचल, शेतावरच्या म्हाताऱ्यांची छाती दाबत दाबत त्यांना दवाखान्याच्या दाराशी आण आणि परत जा. एकदा असंच कुणाला तरी दाराशी सोपवून ती वळली, तर होल्मग्रेन डॉक्टर म्हणाले होते, "तू रोज माणसाला दारापर्यंत आणतेस. दाराच्या आत पुढे काय होतं, बघावंसं नाही वाटत?" तिनं हसून म्हटलं होतं, "या वयात डॉक्टर कोण करणार मला?" "डॉक्टर नको होऊस," ते म्हणाले. "दुसरा रस्ता आहे. लांबचा आहे, पण तुझ्यासारख्यांसाठीच काढलेला आहे. लढाईत जखमींना सांभाळून परतलेल्या शिपायांसाठी सुरू झाला, हातानं काम केलेल्या माणसांसाठी."

रस्ता लांबचाच निघाला. संध्याकाळच्या वर्गात पोरासोरांच्या शेजारी बसून रसायनशास्त्र. दोनदा अर्ज नाकारला गेला. मग राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ओमाहाला दोन वर्षं, एका मैत्रिणीच्या तळघरात. मुलगी टेस आईविना मोठी होत होती आणि फोनवर दिवसेंदिवस कमी बोलत होती. नडीन वर्गात सगळ्यांत मोठी. मुलं तिला "मॉम" म्हणायची. प्रेतावर पहिल्यांदा सुरी धरली त्या दिवशी शेजारच्या मुलीला तिचं मनगट धरावं लागलं. आता हे शेवटचं प्रशिक्षण, स्वतःच्या गावात, त्याच दाराच्या आत. पाच आठवडे उरले होते. पाच आठवडे गप्प बसायचं, मग परीक्षा, मग रोज रात्री आपल्या घरी जेवायचं.

"विचार करते," ती मार्लिसबाईंना म्हणाली. आणि स्वतःच्याच आवाजातला होकार तिला ऐकू आला.

दुपारच्या जेवणाआधी रोझेला व्हानेक आली. आली म्हणजे स्वतः गाडी चालवत आली, तीही आडव्या वाऱ्यात. चिखलानं भरलेले बूट, डाव्या कुशीवर दाबलेला हात. साठीला टेकलेली ही बाई नवरा गेल्यापासून एकटीच गुरं सांभाळत होती, आणि मार्च हा गाईंच्या विण्याचा महिना.

"काही नाही झालेलं," ती आल्या आल्या म्हणाली. "पहिलारू कालवड. वासराला हात लावला तर हाणली मला लाथ. लाथ तिची, बरगडी माझी, तुम्ही कशाला तोंडं पाडता? एक पट्टी गुंडाळा नि सोडा. आणखी चार जणी आज-उद्या व्यायच्यात."

नडीननं तिला आत निजवलं. नाडी बघितली आणि तिला ती आवडली नाही. भरभर, आणि पातळ. रक्तदाब खाली, फार नाही, पण खाली. चेहरा थंडीनं पांढरा असेल असं म्हणावं, तर खोली चांगली ऊबदार होती.

"पाणी दे गं," रोझेला म्हणाली. "घसा कोरडा पडलाय."

"जरा थांबा. डॉक्टरांना येऊ दे."

डॉक्टर आले आणि नडीननं केस सांगितली. तिचं बोलणं ऐकत ऐकतच त्यांनी हात चोळून गरम केले आणि रोझेलाच्या पोटावर ठेवले. दाबले नाहीत, नुसते ठेवले. डोळे मिटले. मग त्यांनी नडीनला खूण केली, पलंगाचा पायाकडचा भाग वर उचल. तिनं उचलला.

"आई गं!" रोझेला ओरडली. "खांदा! डावा खांदा! लाथ बरगडीला बसली आणि खांदा का दुखतोय मेला?"

डॉक्टरांनी डोळे उघडले. ते डोळे नडीनला अॅम्ब्युलन्सच्या दिवसांपासून ओळखीचे होते. त्यांत धांदल नसायची कधी.

"रोझेला, तुझी डाव्या बरगडीखालची प्लीहा फाटली आहे," ते म्हणाले. "आत रक्त जमतंय, ते छातीखालच्या पडद्याला टोचतंय, म्हणून खांदा. तुला आज ऑपरेशन लागणार. इथे नाही होत ते. हेलिकॉप्टर मागवतो."

"हेलिकॉप्टर? आणि माझ्या गाई?"

"गाईंना उडवत नाहीत ते," डॉक्टर म्हणाले, आणि रोझेला दुखत असूनही हसली. "नडीन, दोन्ही हातांना सलाइन लाव. जाड सुया. तोंडानं पाण्याचा थेंब नाही. मार्लिस! हेलिकॉप्टर!"

गावची अॅम्ब्युलन्स सकाळीच एका हृदयविकाराच्या माणसाला घेऊन निघून गेली होती, त्यामुळे दुसरा इलाजच नव्हता. बाहेर मार्लिसबाई फोनवर बोलताना ऐकू आल्या. डॉक्टर शेजारच्या खोलीतल्या रोग्याकडे गेले. नडीननं सुया टोचल्या, आणि तिला बरं वाटलं. काय माणूस आहे, तिनं मनात म्हटलं. नुसता हात ठेवून सांगितलं. मार्लिसबाई म्हणतात ते खरंच असेल. दोघी मिळून सांभाळूही. का नाही?

बोळातला भिंतीवरचा फोन वाजला. मार्लिसबाई तेव्हा बाहेर होत्या. हेलिकॉप्टर उतरवायला शाळेच्या मैदानातल्या गाड्या हलवा म्हणून शिपायाला सांगायला रस्त्यापलीकडे गेल्या होत्या. फोन डॉक्टरांनीच उचलला. दार किलकिलं होतं.

"होल्मग्रेन बोलतोय... हेलिकॉप्टर?... नाही हो. काहीतरी घोटाळा झाला असेल. इथे असं कुणी नाही... नाही, नाही, नको. वारा किती आहे बघा ना, उगीच कशाला पोरांचा जीव धोक्यात घालता. बरं. आभारी आहे."

नडीनच्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली.

डॉक्टर दारात उभे राहिले. हसतमुख.

"अरे, रोझेला! आज इकडे कुठे वाट चुकलीस?"

रोझेलाला वाटलं थट्टाच आहे. "तुमच्या हातची कॉफी प्यायला! हेलिकॉप्टरचं काय झालं?"

डॉक्टरांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण त्याच्या मागून काहीतरी निघून गेलं. त्यांनी सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं, नडीनकडे पाहिलं, मग रोझेलाच्या चिखलाच्या बुटांकडे आणि कुशीवर दाबलेल्या हाताकडे. अनोळखी घरात शिरलेला माणूस जसा भिंतीवरचे फोटो बघून आपण कुठे आहोत हे ताडतो, तसे. विचारायचं मात्र त्यांनी टाळलं.

"हेलिकॉप्टर-बिलिकॉप्टर काही नको," ते जरा जोरात म्हणाले. "लाथ बसली आहे ना? मुका मार आहे. घरी जा, बर्फ लाव, दोन दिवस जड उचलू नकोस."

"तुम्ही मघाशी प्लीहा म्हणालात," रोझेला म्हणाली.

"तेव्हा शंका होती. आता नाही."

"देव पावला!" रोझेला कोपरावर उठू लागली. "काढ गं पोरी या सुया. गाई वाट बघताहेत."

"झोपा," नडीन म्हणाली.

"अगं, डॉक्टर म्हणताहेत..."

"रोझेला, झोपा म्हणते ना!" आपला आवाज एवढा चढेल असं तिला वाटलं नव्हतं. ती डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, तुम्ही आत्ताच तपासलंत. पायाकडची बाजू उचलली तेव्हा डावा खांदा दुखला. नाडी वाढतेय. माझ्यासाठी एकदाच, पुन्हा हात ठेवा त्यांच्या पोटावर. एकदाच."

त्यांनी हात ठेवला असता तर कदाचित सगळं निभावलं असतं. हातांना अजून सगळं ठाऊक होतं. पण तिनं ते रोग्यासमोर म्हटलं होतं, आणि चाळीस वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

"या दवाखान्यात डॉक्टर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"आणि तू?"

"विद्यार्थिनी."

"मग सुया काढ."

रोझेला एकदा डॉक्टरांकडे, एकदा नडीनकडे बघत होती. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब फुटले होते. नडीनला एक क्षण पाच आठवडे दिसले, टेस दिसली, स्वयंपाकघरातलं टेबल दिसलं. सुया काढल्या तर सांगता येईल की मला सांगितलं होतं. विद्यार्थिनीवर कुणी बोट ठेवणार नाही.

"नाही काढत," ती म्हणाली. "माफ करा." आणि ती त्यांच्या शेजारून निघून बोळात धावली.

तिनं फोन लावला. हेलिकॉप्टरच्या तळावरचा माणूस सभ्य होता, पण ठाम होता. "बाई, तुमच्या डॉक्टरांनीच आत्ता रद्द केलंय. तुम्ही कोण?"

"मी इथे शिकायला... फिजिशियन असिस्टंटची विद्यार्थिनी आहे. पण ऐका, रोगी खरा आहे, आत रक्तस्राव होतोय..."

"डॉक्टरांना द्या फोन. डॉक्टर रद्द म्हणाले, विद्यार्थिनी या म्हणते. वारा असा. मी कुणाच्या शब्दावर माणसं पाठवू?"

मागचं दार उघडलं, गार वारा आत शिरला आणि त्याच्याबरोबर मार्लिसबाई. डोक्याचा रुमाल सोडता सोडता त्यांनी नडीनचा चेहरा पाहिला आणि हात तसाच थांबला.

"त्यांनी रद्द केलं," नडीन फोनवर हात ठेवून म्हणाली. "फोन घेतला आणि म्हणाले, इथे असं कुणी नाही. मार्लिस, ती मरेल हो."

खोलीच्या दारात डॉक्टर येऊन उभे होते. मागे पलंगावर रोझेला आता उठायचा प्रयत्न करत नव्हती. तेच जास्त वाईट होतं.

मार्लिसबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना काय करता आलं असतं, ते नडीनला नंतर कितीदा तरी सुचलं. "चुकून रद्द झालं," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. "दुसऱ्याच दवाखान्याचा फोन वाटला त्यांना." आतापर्यंत अशी किती वाक्यं त्यांनी सहज फेकली असतील. नडीनला वाटलं, आताही तेच करतील.

त्यांनी फोन हातात घेतला.

"मी मार्लिस होल्मग्रेन. डॉक्टरांची बायको. दवाखाना मीच चालवते," त्या म्हणाल्या. त्यांची नजर नवऱ्यावरून हलली नाही. "माझा नवरा आता असले निर्णय घेऊ शकत नाही. त्याच्या लक्षात राहत नाही. विद्यार्थिनी सांगते ते खरं आहे. तुम्ही निघा." मग थोडं थांबून, "हो. नोंदवून ठेवा. माझ्या नावावर."

दाराच्या चौकटीला धरून डॉक्टर उभे राहिले. मग हळूहळू आत वळले, रोझेलाच्या उशाशी गेले. नडीन मागोमाग धावली; ते सुया काढतील अशी तिला भीती होती. त्यांनी रोझेलाच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ तो हात तिथेच होता.

"दुसरी बाटली लाव," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आणि पोट ताठ होत चाललंय, तेही हेलिकॉप्टरवाल्यांना सांग."

हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरलं तेव्हा वर्गांच्या खिडक्यांत मुलांची डोकी दाटली होती. वाऱ्यानं ते एकदा तिरकं झालं आणि मार्लिसबाईंनी डोळे मिटले. डॉक्टर बिनाकोटाचे, सलाइनची बाटली उंच धरून स्ट्रेचरबरोबर चालत होते. रोझेलाचे ओठ निळसर पडले होते, पण तोंड चालू होतं.

"नडीन, माझ्या कालवडीकडे... कुणाला तरी..."

"ड्वेनला पाठवते."

"त्याला काय कळतंय? तू जा."

"बरं, मी जाईन."

पंखे फिरू लागले. डॉक्टरांनी बाटली हेलिकॉप्टरमधल्या नर्सच्या हाती दिली आणि केस सांगितली. मोजक्या शब्दांत, एकही चूक नाही. मग ते मागे सरले, आणि वाऱ्यात त्यांचे पांढरे केस उभे राहिले.

रोझेला वाचली. दुपारी फोन आला: प्लीहा काढली, पोटात खूप रक्त होतं, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. हे मार्लिसबाईंनी बोळात उभं राहून सांगितलं. मग त्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि दुपारच्या रोग्यांना एकेक करून फोन करू लागल्या, आज येऊ नका म्हणून.

"नडीन," डॉक्टरांनी आपल्या खोलीतून हाक मारली. "ये. दार लाव."

ती समोर बसली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. चष्म्याविना ते कुणी वेगळेच, साधे शेतकरी म्हातारे दिसत होते.

"केस सांग," ते म्हणाले.

"रोझेलाची?"

"नाही."

तिला कळलं.

"डॉक्टर, मला नाही जमणार."

"जमेल. शिकवलंय मी तुला. अंदाजानं बोलायचं नाही, बघितलं तेवढंच सांगायचं. रोग्याची दया करायची नाही." ते किंचित हसले. "दया नंतर. आधी केस."

तिनं हात मांडीवर घट्ट धरले.

"सत्तरीपुढचे गृहस्थ," तिनं सुरुवात केली. "धंद्यानं डॉक्टर. तक्रार... त्यांची स्वतःची काही तक्रार नाही. घरच्यांच्या सांगण्यानुसार नाताळच्या आधीपासून विसरायला होतं. जुनं सगळं आठवतं. नुकतंच झालेलं राहत नाही. आज सकाळी एकच केस त्यांनी दोनदा विचारली. दुपारी..." ती थांबली.

"दुपारी?"

"दुपारी त्यांनी एका बाईला तपासून अचूक निदान केलं. हेलिकॉप्टर मागवलं. त्यानंतर थोड्याच वेळात ते रद्द केलं. बाईला तपासल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आणि..."

"सांग. महत्त्वाचं तेच आहे."

"आठवत नाही हे त्यांनी लपवलं. लपवण्यासाठी तिला घरी पाठवत होते."

डॉक्टरांनी मान खाली घातली. बाहेर मार्लिसबाईंचा फोनवरचा आवाज तेवढा येत होता, शांत, एकसारखा.

"निदान?"

"स्मृतिभ्रंशाची सुरुवात, असं वाटतं."

"घाई केलीस," ते म्हणाले, आणि क्षणभर ते पुन्हा तिचे मास्तर झाले. "थायरॉइड बघितलंस? जीवनसत्त्वाची कमतरता? डोक्याचा स्कॅन? जे बरं होण्यासारखं आहे ते आधी शोधायचं, आणि जे बरं होत नाही ते सगळ्यांत शेवटी."

"हो. चुकलं."

"चुकलं नाही. क्रम चुकला." त्यांनी चष्मा उचलला, पुसला, घातला नाही. "आणि उपाय? तपासण्या होईपर्यंत?"

तिला रडू कोसळलं, पण ती बोलत राहिली. "रोग्यानं... त्यांनी माणसं तपासायची थांबवायला हवीत."

"कधीपासून?"

"आजपासून."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "तुझं प्रशिक्षण अर्धवट राहील. दुसरीकडे पूर्ण करावं लागेल. इथली नोकरीही गेली, म्हणजे आपणच घालवली. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मघाशीही ठाऊक होतं?"

"हो."

त्यांनी आता चष्मा घातला आणि तिच्याकडे बघितलं.

नडीनचे उरलेले आठवडे पुढे स्कॉट्सब्लफच्या इस्पितळात गेले. परीक्षा ती उन्हाळ्यात पास झाली, आणि तिथल्याच एका डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली लागली. रोज पहाटे निघायचं, अंधार पडल्यावर परतायचं. गावातला दवाखाना बंद पडला तो पडलाच. पत्रे मारलेल्या खिडक्यांवरून कुणी जाताना तिच्याकडे बघायचं, कुणी बघायचं नाही. रोझेला तेवढी गावभर सांगत फिरायची की या पोरीनं मला दरडावून झोपवलं, माझ्या आईनंही कधी झोपवलं नसेल असं. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी डॉक्टर उठले आणि बाहेर मार्लिसबाईंच्या टेबलाशी गेले.

"वैद्यकीय परवाने देणाऱ्या कचेरीचा नंबर लाव," ते म्हणाले.

"उद्या करू या, वेंडेल. आज नको."

"राजधानीत, लिंकनला, घड्याळ आपल्यापुढे तासभर आहे. कचेरी बंद होईल." मग हलक्या आवाजात, "उद्या मला आठवलं नाही तर?"

मार्लिसबाईंनी नंबर लावला. फोन देताना त्यांची बोटं नवऱ्याच्या बोटांवर राहिली, आणि मग सुटली. डॉक्टर बसले नाहीत. रोग्याच्या नातेवाइकांना काही कठीण सांगायचं असलं की ते नेहमी उभे राहूनच बोलायचे.

"एका डॉक्टरविरुद्ध तक्रार नोंदवायची आहे," ते फोनवर म्हणाले. "हो, थांबतो."

नडीन भिंतीला टेकून उभी होती. मार्लिसबाई आपल्या हातांकडे बघत होत्या.

"हो, आहे मी... रोग्याच्या जिवाला धोका झाला म्हणून. आजच... नाही, मी रोगी नाही. नातेवाईकही नाही." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "तो डॉक्टर मीच आहे, बाई."

पलीकडून पुन्हा तेच विचारलं गेलं.

"नाही, गंमत करत नाही. लिहून घ्या," ते म्हणाले, आणि त्यांनी आपलं आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. पलीकडच्या बाईंना मधलं अक्षर नीट ऐकू आलं नाही. तेव्हा त्यांनी ते न चिडता, पुन्हा पहिल्या अक्षरापासून, सावकाश सांगितलं.